बापाने न घेतलेले पैसे

दोन भाऊ आणि एक मुलगी. एवढ्या भांडवलावर किती सिनेमे निघाले याची गणती नाही. शेवटी एकाने त्याग करायचा नाहीतर एकाने मरायचे, हेही आपल्याला पाठ. एलिया कझानचा ‘ईस्ट ऑफ ईडन’ (१९५५) मात्र मला वेगळा वाटत आला आहे. त्यात मुलगी आहे, चढाओढही आहे, पण भांडण आहे ते बापाच्या मायेचे.

जॉन स्टाइनबेकची कादंबरी १९५२ची. कझानने तिचा फक्त शेवटचा भाग घेतला. काळ १९१७चा, जागा कॅलिफोर्नियातले सलिनास. अ‍ॅडम ट्रास्क हा बायबल वाचणारा सचोटीचा शेतकरी. त्याचे दोन मुलगे, गुणी अ‍ॅरन आणि वाया गेलेला ठरलेला कॅल. काइन आणि आबेलची गोष्ट शेजारच्या ख्रिस्ती घरांमुळे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. देवाने एका भावाची भेट स्वीकारली, दुसऱ्याची नाही. इथेही तेच घडते.

बर्फात घालून रेल्वेने पाठवलेला लेट्युसचा माल वाटेत सडतो आणि अ‍ॅडम बुडतो. कॅल पाच हजार डॉलर उसने घेऊन घेवडा लावतो. युद्धामुळे भाव चढतो. बापाच्या वाढदिवसाला तो सगळे पैसे पुढे ठेवतो. बाप म्हणतो, युद्धावर मिळवलेला नफा मला नको. अ‍ॅरनने आब्राशी लग्न ठरवल्याची बातमी दिली, तसे काही दिले असतेस तर! यावर जेम्स डीन बापाला रडत मिठी मारतो, तो प्रसंग बघवत नाही.

आब्रा कॅलकडे का वळते? तिनेही एकदा बापावरच्या रागाने अंगठी नदीत फेकली होती आणि मग त्याला माफ केले होते. अ‍ॅरनला हे दुखणे कधी झालेच नाही.

मी सरकारी कारकून. एक-चौदाच्या उताऱ्यावरून भांडणारे भाऊ रोज टेबलासमोर येतात. भाटाबद्दल बोलता बोलता एखादा मध्येच म्हणतो, “पप्पांनी शिकवले ते त्याला.” माडांचा हिशोब तिथेच संपतो.

मला दोन मुलगे. थोरला हुशार. धाकटा गेल्या चवथीला माटोळीसाठी रान तुडवून कांगलां आणि कवंडळं घेऊन आला, पाय ओरबाडलेले, गणिताचे पुस्तक तसेच मिटलेले. मी गणिताचे विचारले नाही. आधी त्याची कवंडळं माटोळीला बांधली, तीही मधोमध.

सिनेमाच्या शेवटी अ‍ॅडम अर्धांगाने अंथरुणाला खिळतो. आब्रा त्याला विनवते, कॅलकडे काहीतरी मागा. आणि तो कसाबसा पुटपुटतो, ती नर्स नको, दुसरी आणू नकोस, तूच थांब. आयुष्यभर देऊ पाहणाऱ्या मुलाला एवढेच हवे होते, बापाने काहीतरी मागावे.