हिरव्या रंगाखालची गाडी

यवतमाळला जायचे तर धामणगावला उतरायचे आणि तिथून यष्टीने बाभुळगावमार्गे पुढे जायचे, हे गणित आमच्या घरात मुलांना पाढ्यांबरोबर शिकविलेले असते. आजोबांच्या काळचे गणित निराळे होते. ते मूर्तिजापूरला उतरत आणि पुढे त्या चिमुकल्या गाडीत बसत. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून ११३ किलोमीटर वाट काटणारी ती गाडी. लोक पुढे तिला शकुंतला म्हणू लागले. वऱ्हाडातला कापूस वाहून नेण्यासाठी एका इंग्रज कंपनीने ती विसाव्या शतकाच्या आरंभी घातली. १९२१ साली मँचेस्टरला बनविलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून थेट १९९४ पर्यंत तिच्या दिमतीला होते. आज ती धावत नाही. जागोजाग रुळांवर गवत माजले आहे.

गेल्या डिसेंबरात मामांचे पत्र आले. हो, पत्रच! फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही. 'तू रंगाच्या कारखान्यात तीस वर्षे काढलीस. आता एक रंग काढून दाखव. सवडीने नको, लवकर ये. डावा डोळा गेलाच आहे, उजव्याचा भरवसा नाही.'

सौ. म्हणाल्या, "रंग लावायला कुणी बोलावत नाही, आणि काढायला बोलावतात!" पण भरून दिली पिशवी.

मामांचे घर दत्त चौकापासून पायी दहा मिनिटांवर. माडीवर जुन्या सतरंजीत गुंडाळलेली ती वस्तू मामांनी माझ्यापुढे ठेवली. बॅगाटेल! पूर्वीच्या मध्यमवर्गीय घरांतून कॅरमबोर्डाशेजारी ही फळी उभी असे. एका टोकाला स्प्रिंगचा दट्ट्या, फळीभर पितळी चुका आणि चुकांची गोल कुंपणे. दट्ट्या ओढून सायकलचा छर्रा सोडायचा, तो चुकांतून ठेचकाळत ज्या कुंपणात विसावेल तितके गुण. १८७१ साली माँटेग्यू रेडग्रेव्ह नावाच्या गृहस्थाने अमेरिकेत या दट्ट्याचे पेटंट घेतले आणि त्याच खेळाचे पुढे विजेचे दिवे नि घंटा असलेले पिनबॉल यंत्र झाले. न्यूयॉर्क शहराने तर तो जुगार ठरवून १९४२ ते १९७६ अशी बंदी घातली होती. त्या यंत्रांवरची चित्रेही कुणी ना कुणी रंगवून झाकतो, आणि शौकीन मंडळी ती उकलीत बसतात. आमची फळी मात्र अस्सल यवतमाळी सागाची, गावच्या सुताराने केलेली. आणि वरपासून खालपर्यंत हिरवीगार. दारांना लावतात तो ऑइलपेंट.

"याच्याखाली दादानं काढलेली गाडी आहे," मामा म्हणाले. "मूर्तिजापूर ते यवतमाळ. प्रत्येक कुंपण म्हणजे एक स्टेशन."

थोरले मामा मी पाहिलेले नाहीत. १९५६ साली, सतराव्या वर्षी, विषमज्वराने ते गेले. आजी ही फळी पुढ्यात घेऊन बसे. जेवत नसे, बोलत नसे. तेव्हा वर्षभराने आजोबांनी दारांचा उरलेला रंग अकरा वर्षांच्या धाकट्या मुलाच्या हाती दिला नि म्हणाले, "रंगव." मामांनी रंगविले. त्यानंतर त्या घरात बॅगाटेल कुणी खेळले नाही.

कोपऱ्यावरच्या पॉलिशवाल्याला मी सहज विचारले. त्याने फळी उलटीपालटी केली. "कायले एवढा खटाटोप करता साहेब? सँडपेपर मारा, दोन हात पॉलिशचे द्या, नवीकोरी होऊन जाईन." हार्डवेअरच्या दुकानात रंग काढायचा रिमूव्हर सुचविला. त्याने हिरवाच काय, खालची गाडी, स्टेशने, सारे एका पुसण्यात गेले असते. आणि सँडपेपर? जुन्या ऑइलपेंटात शिसे असे. त्याची धूळ म्हाताऱ्या माणसाच्या घरात उडवायची म्हणजे कठीण.

रंग काढण्याआधी थर ओळखायचे, हा या विद्येचा पहिला पाठ. एका सैल चुकेच्या भोकाशी टवका उडालेला होता. भिंगातून पाहिले तर वर हिरवा, त्याखाली मधासारखी पिवळसर रेघ आणि तिच्याखाली निळा ठिपका. मधासारखी रेघ म्हणजे लाखेचे पॉलिश. काडीला कापूस गुंडाळून आधी टर्पेंटाइन लावले. अडुसष्ट वर्षे वाळलेला रंग ढिम्म हलला नाही. मग स्पिरिट लावले. हिरव्याला त्याचेही फारसे काही वाटले नाही, पण टवक्यातून ते आत शिरले, लाख मऊ झाली आणि हिरवा पापुद्रा कडेने सुटू लागला. बांबूच्या पातळ चोयेने तो अलगद उचलला. आत आभाळ होते.

मला अगदी नाचावेसे वाटले! आणि त्याच आनंदात मी घोटाळा केला. उघड्या झालेल्या जागी लाखेचा चिकटपणा राहिला होता, तो पुसायला ओले फडके फिरविले. फडके करडे झाले. इंजिनाच्या डोक्यावरचा धूर माझ्या फडक्यावर आला होता. दादामामांनी पाण्याचे रंग वापरले होते. त्या रंगांत गोंद असतो. तो पाण्यात विरघळतो, स्पिरिटात विरघळत नाही. म्हणजे ज्याला मी जपून वापरीत होतो तो मित्र, आणि ज्याचा विचारही केला नाही ते पाणी वैरी! तीस वर्षे रंगाच्या कारखान्यात काढलेल्या माणसाने हे करावे! मामांना सांगायला मला संध्याकाळ लागली.

ते एवढेच म्हणाले, "गेला तो गेला. तू तिथं धूर काढू नकोस हं. तो दादाचा राहणार नाही."

वाचकहो, अजिंठ्याची चित्रे याच जातीची, वाळल्या गिलाव्यावर डिंकासारख्या चिकट पदार्थात कालविलेल्या रंगांची. एकोणिसाव्या शतकात नकला करणाऱ्यांनी रंग उठून दिसावेत म्हणून त्यांवर व्हार्निश फासले, ते काळवंडले. निजामाने १९२० साली चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोघा इटालियन तज्ज्ञांना बोलावले. त्यांनी साफसफाई केली, सुटलेले पापुद्रे बसविले, आणि बसविण्यासाठी वापरली लाख! ती पिवळी पडली. मग पुढच्या पिढीच्या रसायनतज्ज्ञांना ती लाख काढीत बसावे लागले. आपल्याकडे देवळाच्या काळ्या दगडालाही आपण ऑइलपेंट फासतो, तोही भक्तीनेच. २०२२ साली वणीच्या सप्तशृंगीवरचे शेंदराचे थर काढले, तेव्हा कित्येक भक्तांना देवीचे मूळ रूप प्रथमच दिसले. (ही वणी नाशिककडची. यवतमाळ जिल्ह्यातली वणी वेगळी. यष्टीच्या खिडकीवर हा घोळ हमखास होतो.)

काम संथ चालले. दिवसाला तळहाताएवढी जागा. खिडक्या उघड्या, देवघरातल्या समईपासून स्पिरिट दूर, तोंडाला फडके. प्रत्येक चुकेच्या बुडाशी हिरवी कॉलर होती. चुका उपटल्या असत्या तर भोवतालचे चित्र तडकले असते, म्हणून एकेक चूक कापसाच्या काडीने सोडवायची. मामा शेजारी खुर्चीवर बसून, भिंग उजव्या डोळ्याशी धरून, स्टेशने ओळखीत. "हे कारंजा. इथं गाडी पाणी प्यायची. आणि हे बघ, दारव्हा."

एक दिवस हात थांबवून आम्ही कळंबला गेलो. चिंतामणीचे देऊळ जमिनीखाली आहे. पायऱ्या उतरत गणेशकुंडापाशी जावे लागते. मामा एकेक पायरी मोजीत उतरले आणि कठड्याला टेकून म्हणाले, "दादा मला इथं पाठकुळी आणायचा." एवढ्या दिवसांत दादांविषयी आपण होऊन ते पहिल्यांदाच बोलले. परतताना यष्टीत मी काही विचारले नाही.

लाडखेडच्या कुंपणाशी मात्र वेगळेच निघाले. रुळांच्या कडेने एक मूल धावत होते. चड्डी घसरलेली, एक चप्पल मागे पडलेली, हात वर. गाडी चुकलेली. खाली बारीक अक्षरांत मामांचे घरातले नाव.

"मामा, हे तुम्ही!" मी हसून म्हणालो. "हे तुम्हाला आठवत नव्हतं?"

भिंग बराच वेळ तिथेच होते.

"आठवत होतं रे. ब्रश पहिल्यांदा तिथंच टेकवला होता."

मामी दाराशी उभ्या होत्या. त्या काही न बोलता आत गेल्या नि चहा टाकल्याचा आवाज आला.

शेवटी यवतमाळचे स्टेशन राहिले होते, फळीचा खालचा चौथा हिस्सा. मी काडीला कापूस गुंडाळला तर मामांनी हात धरला. तिथल्या हिरव्या रंगात, ओला असताना उमटलेला, लहान मुलाच्या बोटांचा ठसा होता. मला तो इतके दिवस रंगाचा ओघळ वाटला होता. "एवढं राहू दे," मामा म्हणाले. मी राहू दिले. चित्रशाळेतला तज्ज्ञ कदाचित निराळे सांगेल. मला त्या वेळी तेच बरोबर वाटले आणि अजूनही वाटते.

पॉलिशवाल्याने उघड्या चित्रावर पातळ लाखेचा एकच हात दिला, तोही मी शेजारी उभा राहून. पैसे घेईना. "मले वाटलं होतं, काई नसन खाली," एवढे म्हणून सायकलवर बसला.

संध्याकाळी मामींनी बुढीचा चिवडा बशांत घातला. मामांनी खिशातून रुमालात बांधलेला छर्रा काढला, फळीच्या वरच्या काठाला पुस्तक टेकविले आणि दट्ट्या ओढला. छर्रा खडखडत मूर्तिजापूर ओलांडून गेला, दोन चुकांत घुटमळला नि कारंज्याला अडकून बसला.

"अगदी त्या गाडीसारखा," मामी म्हणाल्या.

मामांनी फळी हलवून पाहिली. छर्रा हलेना. "थांबा जरा," ते म्हणाले, "पाणी पीत असेल."