बोलायचं काय?

मला लोकांशी बोलता येत नाही. विषय असेल तर तासभर बोलेन, पण "काय, कसं काय?"च्या पुढे गाडी सरकत नाही. डेल कार्नेगीचं १९३६ सालचं ते प्रसिद्ध पुस्तक कॉलेजात असताना वाचून काढलं होतं. समोरच्याचं नाव लक्षात ठेवा, मनापासून ऐका... सगळं पाठ. उपयोग शून्य!

मध्यंतरी समोरच्या काकू गेल्या. शेजारपाजारचे पिठलं-भात घेऊन गेले, मी नाही गेलो. जाऊन बोलायचं काय? तेरावं झालं, पाहुणे पांगले, तरी मी आपला मान खाली घालून जिना चढतोय. शेवटी आईला फोन केला.

"अरे, बोलायला कुणी सांगितलंय? नुसतं जाऊन बस."

गेलो. पाच-दहा मिनिटं दोघंही गप्प. मग विचारलं, "काका, चहा झाला का?" आणि त्यांना एकदम भरूनच आलं. साखर कुठल्या डब्यात असते हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं. दोघांनी मिळून एकेक डबा उघडला. सापडली, 'रवा' लिहिलेल्या डब्यात! काका हसले. मग तासभर काकूंबद्दलच बोलत राहिले.

परवा जिन्यात त्यांनीच हाक मारली, "काय रे, चहा टाकू?"

असो. बोलायला अजून येत नाहीच. पण बसायला जमतंय.