नाताळचे वार्षिक पत्र

अमेरिकेत नाताळच्या शुभेच्छापत्रासोबत घराचे वर्षभराचे वृत्त पाठवण्याची रीत आहे. एकच मजकूर सर्व आप्तेष्टांना जातो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, झेरॉक्स सुलभ झाल्यावर, ती फोफावली. आत्मस्तुतीपायी तिची टिंगलही पुष्कळ होते, आणि ती बव्हंशी रास्त आहे.

ओहायोतल्या मावशीने शेजाऱ्यांसाठी लिहिलेल्या अशा इंग्रजी पत्राची एक प्रत २००९ साली आईला आली. मुलीची पदवी, नवे स्वयंपाकघर, ग्रँड कॅन्यनची सहल; आणि त्याच दमात, काकांची नोकरी मार्चमध्ये गेली 'आणि आता त्यांना बागेसाठी वेळ मिळतो'. मंदीचे वर्ष होते ते. आईला तो स्वर परका वाटला. मराठीत हिने चार पाने भरून लिहिले असते, ती म्हणाली. मी मात्र त्या 'आणि'पाशीच अडखळलो. या प्रकारात दुःखाला स्वतंत्र वाक्य मिळत नाही. ते उभयान्वयी अव्ययाच्या आडोशाने येते. वाचणाऱ्याने ते तिथेच शोधायचे.

समासात निळ्या शाईने, फक्त आईसाठी, मराठीत एक ओळ होती : ''फोन कर, पण आमच्या रात्री. हे झोपल्यावर.''