वळण

काच घासायची ती मखमलीनं, आणि एकाच दिशेनं. परत येताना हात उचलायचा. नाशिकच्या आमच्या लहानशा प्रयोगशाळेत नव्या मुलाला मी आधी हेच शिकवतो. काचेवरच्या पॉलिइमाइडच्या पातळ थराला असं वळण लागलं, की लिक्विड क्रिस्टलचे लांबुळके रेणू त्या दिशेला ओळीनं पडून राहतात. समोरची काच काटकोनात ठेवली, की मधले रेणू थराथरानं फिरत जातात. ध्रुवीकृत प्रकाशही त्यांच्यासोबत नव्वद अंशांत वळतो आणि पलीकडच्या पोलरायझरमधून सुटतो. काही व्होल्ट दिले, की रेणू उभे राहतात, प्रकाश अडतो. व्होल्टेज काढलं, की वळणाचं पाणी वळणावर.

एवढ्याशा झडपेचं दूरसंचारात काय काम? १९७९ साली पुण्यात टेलिफोनसाठी देशातली पहिली फायबर जोडणी झाली, तेव्हा फायबरमधून एकाच रंगाचा प्रकाश धावे. आज एकातून ऐंशीहून जास्त रंग धावू शकतात. सगळे डोळ्यांना न दिसणारे, १५५० नॅनोमीटरच्या आसपासचे. जंक्शनवर कुठला रंग उतरवायचा, कुठला पुढं सोडायचा, हे ठरवणाऱ्या अनेक स्विचांत लिक्विड क्रिस्टल असतं.

अशा दोन काचांचा माझा पहिला सेल हिरव्या लेझरवर झकास चालला. १५५०वर लावला, तर प्रकाश पुरता वळेचना. आठवडाभर मी मखमलीला बोल लावला. चूक दोन काचांमधल्या फटीची होती. कसारा घाटात दुचाकी जिथं सहज वळते, तिथं लांब ट्रेलरला ऐसपैस वळण लागतं. लांब तरंगाचंही तसंच. हिरव्याला तीनेक मायक्रॉनची फट पुरली होती. याला आठ-नऊ हवी होती.

ऐसपैस वळणाची किंमतही असते. फट तिप्पट केली, की रेणूंना मूळ जागी यायला नऊपट वेळ लागतो. माझ्या जाड सेलला जवळपास पापणी लवण्याइतका लागला. तेवढ्यात फायबरमधून अब्जावधी ठोके निघून जातात. म्हणून लिक्विड क्रिस्टल निरोप लिहीत नाही, त्याची वाट तेवढी ठरवतं.

परवा नव्या मुलानं परत येताना हात उचलला नाही. सेलला व्होल्टेज दिलं, तर काही रेणू इकडून उठले, काही तिकडून. मध्ये वेड्यावाकड्या रेघा. मी बोललो नाही. सूक्ष्मदर्शकासमोरची खुर्ची त्याला दिली आणि शेजारी नवी काच ठेवली.