पटनीचा सुतार आणि घरी बांधायची नौका

डिंगी, म्हणजे शिडावर चालणारी एक-दोन माणसांची उघडी होडी, हिच्या विसाव्या शतकातील इतिहासात लंडनमधील थेम्सकाठच्या पटनी भागातील एका लहान कारखान्याला मोठे स्थान आहे. आणि ते स्थान त्याने स्वतः किती होड्या बांधल्या यापेक्षा इतरांना किती बांधता आल्या यावरून ठरते. हा कारखाना जॅक होल्ट (1912–1995) यांचा. ते मुळात लाकूडकाम शिकलेले कारागीर होते आणि त्यांचे आराखडे पाहताना, रंधा हाती धरलेल्या माणसानेच त्या रेषा ओढल्या आहेत, हे सतत जाणवत राहते.

युद्धापूर्वीची डिंगी बहुधा कडेवर कड चढवलेल्या बारीक फळ्यांची असे. वाफेवर मऊ केलेल्या फासळ्या गरम असतानाच आत दाबून बसवायच्या आणि सांधे तांब्याच्या खिळ्यांनी पक्के करायचे, हे काम उमेदवारीची वर्षे काढल्याशिवाय हाताला येत नसे. दुसऱ्या महायुद्धात मॉस्किटोसारखी लाकडी विमाने बांधताना पाण्याला दाद न देणारे कृत्रिम डिंक वापरात आले आणि अशा डिंकाने पातळ लाकडी पापुद्रे उभे-आडवे चिकटवून केलेले मरीन प्लायवूड युद्धानंतर छोट्या होड्यांच्या बांधणीत रुळले. मात्र प्लायवूडचा तक्ता एका वेळी एकाच दिशेने वाकतो. दुहेरी गोलाई त्याला मानवत नाही. होल्ट यांनी हे वैगुण्य झाकण्याची खटपट न करता तळ आणि बाजू जिथे मिळतात तिथे ठसठशीत कोपरा ठेवला, आणि 1947 च्या कॅडेट या मुलांच्या होडीत टोकदार नाळेऐवजी, म्हणजे पुढच्या निमुळत्या टोकाऐवजी, सरळ एक छोटी आडवी फळीच बसवली. गोल बुडाची होडी पाणी अधिक हळुवार कापते हे खरे, पण जी होडी परवडत नाही तिचा डौल दुरूनच पाहावा लागतो, आणि म्हणून होल्ट यांची ही तडजोड कमअस्सल म्हणता येत नाही.

होल्ट यांचीच, 1956 मध्ये आलेली चार मीटरची, निळ्या शिडांची एंटरप्राइझ ही डिंगी न्यूज क्रॉनिकल या वृत्तपत्राने पुरस्कृत केली होती. होड्यांचा हा वर्ग पुढे आशियातही रुजला. 1982 च्या आशियाई खेळांतील शिडांच्या शर्यती मुंबईत झाल्या, तेव्हा एंटरप्राइझचे सुवर्णपदक पाकिस्तानच्या बहराम आणि गोश्पी आवारी या दांपत्याने जिंकले.

होल्ट यांच्या विचाराची खरी कसोटी मात्र मिरर या होडीत लागली. डेली मिरर या वृत्तपत्राच्या पाठबळाने ती 1960 नंतरच्या पहिल्या वर्षांत लोकांपुढे आली, म्हणून तिचे नाव मिरर आणि शिडे लाल. दूरचित्रवाणीवर घरगुती दुरुस्तीचे धडे देणारे बॅरी बकनेल आणि होल्ट या दोघांनी मिळून ती घडवली. तिची लांबी 3.3 मीटर आणि नुसत्या होडीचे वजन सुमारे 45 किलो. बांधणी-संचाच्या खोक्यातून आलेल्या कापीव तक्त्यांच्या कडांना छिद्रे पाडायची, त्यांतून तांब्याची तार ओवून टाके घालायचे आणि पीळ देत कडा जुळवत न्यायच्या, की सपाट तक्ते आपोआप होडीचा आकार धरतात. इथे साचा लागत नाही. मग आतल्या शिवणीवर काचतंतूंची पट्टी राळेत भिजवून बसवायची, ती कडक झाल्यावर बाहेरचे टाके तोडायचे आणि तिकडूनही पट्टी मारायची. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील जुन्या शिवलेल्या नौकांत काथ्याची शिवणच फळ्यांना कायम धरून ठेवत असे. मिररमध्ये तार हा निव्वळ घटकाभरचा आधार असतो, जोर सगळा पट्टीवर येतो.

या साऱ्या क्रियेत जाणत्याची नजर एकाच ठिकाणी लागते. राळ ओतण्यापूर्वी पुढे आणि मागे एकेक सरळ पट्टी होडीवर आडवी ठेवून मागून डोळा लावायचा. दोन्ही पट्ट्यांच्या कडा समांतर दिसल्या नाहीत तर होडीला पीळ आहे, आणि तो तारा सैल करून तेव्हाच काढला पाहिजे, कारण राळ धरल्यावर तो जन्माचा राहतो आणि ती होडी एका अंगाला वेगळी आणि दुसऱ्या अंगाला वेगळी चालते. पूर्वी उमेदवारीत मुरणारे बहुतेक कौशल्य होल्ट यांनी तक्त्यांच्या कापातच उतरवले होते, तरी एवढी पारख बांधणाऱ्याकडेच राहिली.

डोलकाठीचा विचारही तसाच आहे. गंटर नावाच्या मांडणीत आखूड डोलकाठीला लागून दुसरी काठी जवळजवळ उभी वर चढते, त्यामुळे उतरवल्यावर दोन्ही काठ्या होडीच्या लांबीत मावतात आणि सारा पसारा मोटारीच्या टपावर जातो. मिररच्या 70,000 हून अधिक होड्या झाल्या. जुन्या मिररमध्ये पुष्कळदा लाकूड शाबूत असताना काचतंतूंची पट्टी सुटते, कारण पॉलिएस्टर राळेची लाकडाशी पकड फार काळ टिकत नाही. ती पट्टी घासून काढून, लाकूड नीट वाळू देऊन, नवी पट्टी इपॉक्सीत बसवली की होडी पुन्हा पाण्यात जाते.