बाबांची गाडी आणि माझी घासाघीस

आधी एक कबुली देते. ‘नवी गाडी घेताना सूट कशी मिळवाल?’ या विषयावर मी आजवर किमान सहा लेख लिहिले असतील, वेगवेगळ्या वेबसाइटसाठी, शब्दामागे ठरलेल्या पैशांत. ‘महिन्याच्या शेवटी जा’, ‘उत्साह दाखवू नका’, ‘तीन शोरूमचे कोटेशन घ्या’ वगैरे. मात्र गेल्या सप्टेंबरपर्यंत मी स्वतः घेतलेली सगळ्यात महागडी वस्तू म्हणजे लॅपटॉप, आणि तोही ऑनलाइन सेलमध्ये. तेव्हा घासाघीस करायला समोर कोणी माणूसच नव्हता.

आम्ही चरोद्याला राहतो. दुर्ग-रायपूर रस्त्यावर भिलाई-३ च्या शेजारचं हे गाव. बाहेरच्यांना कदाचित माहीत नसेल, पण रेल्वेवाल्यांना ते नक्की माहीत असतं, कारण भिलाई मार्शलिंग यार्ड इथंच आहे. बाबा मूळचे गोंदिया जिल्ह्यातले. १९८८ मध्ये असिस्टंट ड्रायव्हर म्हणून लागले आणि २०२५ च्या जूनमध्ये मालगाडीचे लोको पायलट म्हणून निवृत्त झाले. दल्ली-राजहराचं लोहखनिज, कोळसा, स्टील प्लांटचा माल, हेच सदतीस वर्षं ओढलं. घरात २००९ ची एक छोटी गाडी होती. ती ते अशी चालवत, की मागून सायकलवालासुद्धा घंटी वाजवायचा.

निवृत्तीचे पैसे आले तेव्हा आईच्या मनात वरचा मजला होता. एका संध्याकाळी जेवताना बाबा म्हणाले, “मले एक गाडी घ्याची हाय. टर्बोवाली. अन् गिअर हातानं टाकाचे.”

आईची पोळी हातातच राहिली.

आता ‘स्पोर्ट्‌स कार’ हा शब्द मी जरा सैल अर्थानं वापरतेय, हे गाड्यांच्या दर्दी वाचकांनी समजून घ्यावं. दोन दारांची, जमिनीला टेकलेली गाडी आमच्या गल्लीच्या पहिल्याच गतिरोधकावर अडकेल. आपल्याकडे मध्यमवर्गाच्या वाट्याला येते ती साध्याच गाडीची चपळ, चिडकी बहीण. २००१ मध्ये फियाटनं पालिओ आणली. तिचं १.६ लिटरचं मॉडेल आणि सचिनच्या नावाची एस-१० आवृत्ती बाबांनी वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत पाहिली होती आणि ती त्यांच्या मनात रुतून बसली होती, हे मला आता कळलं. पुढे मारुतीची बलेनो आरएस आली आणि गेली, फोक्सवॅगनची पोलो जीटी आली आणि २०२२ मध्ये पोलोच बंद झाली. तरी २०२३ मध्ये ह्युंदाईनं आय-२० एन लाइनला साध्या क्लचचा सहा गिअरचा बॉक्स दिला, आणि २०२४ च्या जूनमध्ये टाटांनी १२० पीएसची अल्ट्रोझ रेसर आणली ती फक्त मॅन्युअलमध्येच. म्हणजे बाबांसारखे लोक अजून शिल्लक आहेत. आम्ही कोणती घेतली ते सांगत नाही, कारण पुढे शोरूमबद्दल जे लिहिणार आहे त्यावरून उगाच कोणी ओळखायला नको.

पहिल्या भेटीतच बाबांनी माझ्या सहाही लेखांवर पाणी ओतलं. जी. ई. रोडवरच्या शोरूममध्ये शिरले, निळ्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला आणि सेल्समनला म्हणाले, “यही चाहिए.” त्या मुलाचा चेहरा असा उजळला, की मला त्याच्या कमिशनचा आकडा स्पष्ट दिसला.

किंमत ११ लाख, एक्स-शोरूम. सूट? “सर, ये तो ऑर्डर पे आएगी. मैन्युअल आजकल कौन लेता है? ऑटोमॅटिक तैयार खड़ी है, सफेद में. उस पे पच्चीस हजार का ऑफर है.” हे मात्र नीट समजून घेण्यासारखं आहे. सूट गाडीला नसते, ती उभी राहून धूळ खाणाऱ्या गाडीला असते. यार्डात पडून असलेल्या प्रत्येक गाडीवर डीलर व्याज भरत असतो, म्हणून ती हलवण्यासाठी तो पैसे सोडतो. तुमच्यासाठी मागवलेली गाडी त्याच्या गळ्यात पडलेली नसते, तेव्हा तिच्यावर तो कशाला सोडेल?

मी बाबांना थांबवलं. २२ सप्टेंबरपासून जीएसटी कमी होणार हे तोवर जाहीर झालं होतं आणि त्याच आठवड्यात मी त्यावर एक लेख लिहून दिला होता. चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर सेस धरून २९ टक्के लागायचे, ते १८ होणार होते. हिशेब सोपा आहे: ११ लाखांना १.२९ नं भागा, १.१८ नं गुणा. १०,०६,२०० च्या आसपास येतात. नुसतं तीन आठवडे थांबून ९३,८०० रुपये. एवढी घासाघीस माझ्या सात पिढ्यांनी केली नसती.

घटस्थापना नेमकी २२ लाच होती. आम्ही २५ ला गेलो, आई पण आली. शोरूममध्ये जत्रेसारखी गर्दी, हार, नारळ, पेढे. आमच्या मुलानं कागद पुढे सरकवला आणि बोटानं एका ओळीवर गोल केला: ‘एकूण लाभ १,००,०००’.

“यात जीएसटीचे किती?” मी विचारलं.

तो बाबांकडे पाहून म्हणाला, “सर, पूरा एक लाख का फायदा है.”

तुम्ही मुलगी असाल आणि गाडीच्या शोरूममध्ये प्रश्न विचारला असेल, तर हा अनुभव तुम्हाला नवा नाही. प्रश्न तुम्ही विचारता, उत्तर तुमच्या शेजारच्या पुरुषाला मिळतं. मी पुन्हा विचारलं. एक लाखातले ९३,८०० सरकारनं सोडलेले होते. शोरूमचे उरले ६,२००, तेही सामानाच्या रूपात.

मग मी कागदाची एकेक ओळ घेतली. ‘हँडलिंग’ ९,८००. हे कशाचे, विचारलं तर म्हणे गाडी गोदामातून इथवर आणायचे. ग्राहकाला विकायची वस्तू दुकानात आणायचा खर्च ग्राहकानं का द्यायचा? आमचा भाजीवाला कुम्हारीहून टोमॅटो आणतो, तो काही वेगळं भाडं लावत नाही. ‘अॅक्सेसरी किट’ २४,०००. ‘कोटिंग’ १२,०००. आणि विमा ५२,०००.

विम्याबद्दल जरा थांबून सांगते, कारण खरे पैसे तिथंच वाचले. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या खासगी गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, आणि त्याचा दर ठरलेला असतो; हजार सीसीपर्यंतच्या गाडीला ६,५२१ रुपये आणि वर कर. त्यात कोणी काही करू शकत नाही. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा जो भाग असतो, तो तुम्ही कुठूनही घेऊ शकता, शोरूममधूनच घेण्याची सक्ती नाही. आणि दुसरं म्हणजे नो क्लेम बोनस. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो! बाबांनी जुन्या गाडीवर वर्षानुवर्षं एकही दावा केला नव्हता (ताशी ४० नं जाणाऱ्याला कशाला लागतोय), म्हणून त्यांचा बोनस ५० टक्क्यांवर पोचला होता. जुनी गाडी विकली, विमा कंपनीकडून बोनसचं पत्र घेतलं की तो नव्या गाडीच्या विम्याला लागतो. शोरूमनं हे विचारलंच नव्हतं. मी बाहेरून ३३,४०० चं कोटेशन आणलं होतं.

“बाहर का इन्श्युरन्स लोगे तो कॅशलेस में दिक्कत आएगी,” मुलगा म्हणाला. कॅशलेस विमा कंपनीच्या आणि वर्कशॉपच्या करारावर असतं, आणि त्या कंपनीच्या यादीत त्यांचंच वर्कशॉप होतं. मी फोनवर यादी दाखवली. मग आम्हाला मॅनेजरच्या केबिनमध्ये नेलं, चहा आला.

तासभर चाललं. हँडलिंग गेलं, कोटिंग गेलं, किट गेलं, विमा आमचा. मी रोख सूट २५ हजार मागत होते, मॅनेजर १२ वर अडून बसला होता. बाबा इतके अवघडले होते, की त्यांनी टेबलावरचं कॅलेंडर दोनदा वाचून काढलं. रेल्वेत आयुष्य गेलेला माणूस. तिकिटाचा दर तो दर.

सगळे गप्प झाले तेव्हा आई बोलली, तेही छत्तीसगढीत: “कुछु पुरौनी तो देबे न भइया?” इथल्या बाजारात भाजी तोलून झाल्यावर वर जी मूठभर कोथिंबीर किंवा दोन मिरच्या टाकतात, ती पुरौनी. मॅनेजर पहिल्यांदा मनापासून हसला आणि मॅट, मडफ्लॅप आणि सीट कव्हर फुकट लिहून दिले. माझ्या सहा लेखांत पुरौनी नव्हती.

तेवढ्यात मला रायपूरच्या एका शोरूमचा फोन आला, म्हणून मी बाहेर गेले. त्यांच्याकडे मॅन्युअलच, पण पांढरी, मे महिन्यात बनलेली गाडी उभी होती. सूट ४० हजार. मी जवळजवळ नाचतच आत आले. बाबांच्या हातात पेन होतं. बुकिंगचे २१ हजार भरून झाले होते. १२ हजारांच्या सुटीवर.

घरी येईपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही. अंगणात मात्र मी बोलले, नको तेवढं बोलले. २८ हजार घालवले, मला पाच मिनिटं दिली असती तर, एवढ्या दिवसांची मेहनत. शेवटी तर असंही म्हणाले, की गुडघ्याचा एवढा त्रास आहे, डॉक्टर जिना टाळा म्हणतात, आणि तुम्हाला क्लचच दाबायचा आहे. तयार ऑटोमॅटिक घेतली असती तर दसऱ्याला दारात आली असती.

बाबा पायरीवर बसून बुटाची लेस सोडत होते. म्हणाले, “गुडघा हाय म्हणूनच तं. अजून चार-पाच वर्षं दाबता येईन. मंग ऑटोमॅटिकच हाय.”

मग थोड्या वेळानं, “सदतीस वर्षं लॉबीत जे इंजिन भेटलं तेच घेऊन गेलो. मले हेच पायजे, असं कधी म्हणता आलं नाही. पांढरी नको होती मले.”

मी आत जाऊन चहा ठेवला. दुसरं काही सुचलं नाही.

बुकिंग झाल्यावर आपल्या हातात फारसं काही उरत नाही, पण एक गोष्ट उरली होती. गाडीची किंमत १० लाखांवर गेली, की डीलर एक टक्का टीसीएस कापतो. तो आयकर रिटर्नमध्ये परत मिळतो, पण तोवर अडकतो. दोन दिवसांनी मी फोन करून सांगितलं, की १२ हजारांची सूट बिलावरच दाखवा, नंतर ‘अॅडजस्ट’ नको. १०,०६,२०० मधून १२ हजार गेले की ९,९४,२०० राहतात, टीसीएसचा प्रश्नच नाही. पलीकडे जरा शांतता, मग मॅनेजर म्हणाला, “मॅडम, आप किसी शोरूम में काम करती हैं क्या?” या वेळी तो माझ्याशी बोलत होता.

गाडी नोव्हेंबरच्या मध्यात आली. निळी. आरसीवर उत्पादनाचा महिना येतोच, पण मी ताबा घेण्याआधीच कागदांवर पाहून घेतला: ऑक्टोबर. सीजी-०७ चा नंबर लागला. बाबांनी त्या सेल्समनच्या हातात पेढ्यांचा वेगळा डबा दिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, की पोराला आपण फार पिडलं.

पहिली फेरी देवबलोद्याच्या महादेवाला. कलचुरी काळातलं जुनं दगडी देऊळ, आमच्या घरापासून जवळच. आईनं लिंबं ठेवली, नारळ फोडला आणि मागच्या सीटवर बसून म्हणाली, “अहो, इतक्या पैशात याचा आवाज कमी नव्हता होत का?” बाबांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी दुसरा टाकला, तिसरा टाकला, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यादेखत एका ट्रॅक्टरला ओव्हरटेक केलं.

वरचा मजला अजून झालेला नाही. रविवारी सकाळी बाबा मला यार्डाकडच्या रिकाम्या रस्त्यावर शिकवायला नेतात. मी क्लच लवकर सोडते, गाडी गचका खाऊन बंद पडते, आणि ते गुडघा चोळत म्हणतात, “घाई काऊन करतं बापा? नॉच हळू घे.”