द्राक्ष, मोह आणि मुरण्याची सवड

आसवनाच्या शास्त्रात उभी हयात घालविलेल्या माणसाने चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यात बसून मुरलेल्या ब्रँडीविषयी लिहावे, हे वाचकास विपरीत वाटेल. कारण द्राक्षवेलीचा या भूमीशी संबंध नाही, आणि वैनगंगेपलीकडच्या गडचिरोली जिल्ह्यात तर १९९३ पासून, लोकांनीच चळवळ करून मागून घेतलेल्या दारूबंदीचा अंमल आहे. तथापि चैत्राच्या पहाटे ज्या झाडाखाली येथील बायाबापड्या टोपल्या घेऊन वाकलेल्या दिसतात, त्या मोहाचे फूल आणि फ्रान्सातील कोन्याक परगण्याचे द्राक्ष ही रसायनाच्या दृष्टीने निकटचे आप्त होत. धान्याची दारू करावयाची तर पिष्टाची साखर आधी घडवावी लागते. या दोहोंत ती निसर्गानेच आयती भरून ठेवलेली असते. मग एकाची दारू पन्नास वर्षे पिंपात निजावी आणि दुसऱ्याची भट्टीवरून उतरल्या दिवशीच संपून जावी, असे का?

कोन्याक ब्रँडीची कीर्ती ऐकून तिच्या मूळ वाइनची चव घेणाऱ्याची निराशाच व्हावयाची. युनी ब्लां जातीच्या द्राक्षांची ती वाइन आंबट व पातळ असते, मद्यांश जेमतेम नऊ टक्क्यांच्या आसपास; परंतु तिचा आंबटपणा तिला आसवनापर्यंत निर्दोष राखतो. तांब्याच्या भांड्यात ती दोनदा गाळतात: पहिल्या खेपेस सुमारे तीस टक्क्यांचा गढूळ अर्क उतरतो, दुसऱ्या खेपेस सत्तरीच्या घरातला स्वच्छ. या दुसऱ्या खेपेतच कारागिराची परीक्षा असते; कारण प्रथम येणारी धार, जिच्यात नाकाला झोंबणारी हलकी द्रव्ये असतात, ती तो बाजूस काढतो, शेवटची जड, ओशट धारही वेगळी करतो, आणि मधला भाग तेवढा ओकच्या पिंपात भरतो. तेथून पुढे लाकूड आणि हवा यांचा कारभार सुरू होतो. लाकडातील कषाय द्रव्ये उतरतात, त्याच्या तंतूंचे विघटन होऊन व्हॅनिलाचा गंध येतो, पिंपाच्या फळ्यांमधून झिरपणारी हवा अर्काचा तिखटपणा मोडते, आणि दरसाल सुमारे दोन टक्के द्रव्य हवेत उडून जाते, ज्याच्या वाफेवर वाढणाऱ्या बुरशीने तेथील गोदामांच्या भिंती काळवंडलेल्या असतात.

पण मला यंत्रापेक्षा तेथील दफ्तराचे अधिक कौतुक वाटते. ३१ मार्चला आसवन बंद झालेच पाहिजे असा तेथे कायदा आहे, आणि १ एप्रिल उजाडताच प्रत्येक पिंपाचे वय हिशेबात एका वर्षाने पुढे सरकते. सर्वांत कोवळ्या अर्काचे वय दोन वर्षे भरल्यावाचून बाटली विकता येत नाही, ‘एक्स.ओ.’, म्हणजे अतिजुनी, म्हणावयाचे तर २०१८ पासून ते दहा असावे लागते. म्हाताऱ्या ब्रँडीच्या पाठीशी इतका जागरूक मुनीम उभा असतो.

आता आपल्याकडचे पाहा. मार्च-एप्रिलात निष्पर्ण मोहाची मांसल, फिकट पिवळसर फुले पहाटे गळतात. ती वेचून अंगणात वाळविली की मनुक्यासारखी तपकिरी होतात आणि महिनोन् महिने टिकतात. त्यांची भाकरी होते, लाडू होतात, गुरांना खाद्य होते. पाण्यात भिजवून चार-सहा दिवस ठेविली की फुलांवरच्याच किण्वांनी ती आंबतात व त्यांचा सडवा होतो. मग चुलीवर मडके, त्यावर दुसरे, वर गार पाण्याचे भांडे, सांधे ओल्या मातीने व चिंध्यांनी लिंपलेले, आणि भांड्याच्या बुडाशी जमणारे थेंब आतल्या लहानग्या गाडग्यात पडावयाचे. गोंड-माडिया घरात देवाला आणि पितरांना त्यातले चार थेंब वाहिल्यावाचून कोणी ओठाला लावीत नाही. बाजारी हातभट्टीवर मात्र, कोन्याकचा कारागीर जी टाकून देतो, ती पहिली धारच मानाची ठरते.

याचे कारण जिभेच्या अडाणीपणात शोधणे मला मान्य नाही. ते अबकारीच्या इतिहासात आहे. इंग्रजी अमलात भट्टी लिलावात निघाली, मक्तेदाराला मक्त्याची मुदत संपण्यापूर्वी रक्कम वसूल करावयाची, आणि घरी गाळणारा गुन्हेगार ठरलेला. मुंबई इलाख्यात तर १८९२ साली नुसत्या मोहफुलांवर निर्बंध घालणारा स्वतंत्र कायदा झाला. झाडाचे फूलही मुद्देमाल झाले. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ला दारूबंदी आली, २०२१ साली उठली. गडचिरोलीत ती कायम आहे. वर्तमानपत्रांत ‘मोहसडवा जप्त’ ही बातमी आजही नित्याची. ज्याच्या दारी केव्हाही पंचनामा होऊ शकतो, तो माणूस पिंप भरून दहा वर्षे वाट कशी पाहील? तो पहिल्या धारेला तेज म्हणून डोक्यावर घेतो आणि संध्याकाळपर्यंत मडके रिकामे करतो. गडचिरोलीची बंदी उठावी असा माझा आग्रह नाही. ज्या घरांनी ती मागितली त्यांचे दुःख मी ऐकलेले आहे, आणि त्यापुढे माझ्या नाकजिभेच्या हौसेची मातब्बरी नाही.

गोव्यात काजूच्या फेणीला कायद्याचे छत्र आहे, २००९ साली तिला भौगोलिक मानांकनही लाभले, आणि म्हणून तेथे मोठ्या काचेच्या गराफांवात जुनी फेणी राखलेली आढळते. काचेत ती लाकडासारखी मुरत नाही, पण राखण्याची सवय तरी आहे. २०१८ साली तेथेच मोहाची परवानाधारक दारू बाजारात आली. मोहाचा अर्क चाखावयाचा तर कोन्याकप्रमाणेच चाखावा: तोंडाशी निमुळत्या लहान पेल्यात, बर्फावाचून, पेला नाकाजवळ हळूच आणीत. प्रथम ओल्या फुलांचा काहीसा उग्र, जनावरी वास येतो, मग सुक्या अंजिराचा गोडवा. हा उग्रपणाच लाकडात मुरून खोल होईल, असे माझे मत आहे.

मात्र चंद्रपूरचा मे महिना ४७ अंशांवर जातो. कोन्याकच्या थंड गोदामांत दरसाल जेथे दोन टक्के उडते, तेथे बंगळूरच्या सौम्य हवेतही पिंपांतून दहा-बारा टक्के जाते. इकडे त्याहून अधिक जाईल, आणि कोरड्या उन्हाळ्यात मद्याआधी पाणी उडून अर्क उलट कडक होईल. तेव्हा तीन-चार उन्हाळ्यांतच पिंप उघडावे लागेल. आलापल्लीचा साग उत्तम खरा, पण तेलकट. पेयाच्या पिंपास तो चालावयाचा नाही, ओक बाहेरूनच आणावा लागेल. आणि या तीन-चार वर्षांचे भांडवल कोणाचे, हा प्रश्न मला रसायनापेक्षा अवघड वाटतो. कारण फुले वेचणाऱ्या बाईला पैसा त्याच एप्रिलच्या आठवडी बाजारात हवा असतो, आणि थांबण्याची ऐपत सध्या फक्त व्यापाऱ्याच्या गोदामालाच आहे.